चिमटीतलं बोलणं

माझ्या धाकट्या भावाच्या टाळूला जन्मतः भोक होतं. पाजलेलं दूध नाकातून यायचं, आणि पुढं बोलायला लागला तेव्हा बोलणंही नाकातूनच आलं. पाणीचं माणी व्हायचं. मला अक्का म्हणायचं तर त्याच्या तोंडून नुसतं अंआ यायचं. मराठवाड्यातल्या वाशीत आमचं किराणा दुकान होतं. बाजारानं त्याला गेंगाणा ठरवून टाकलं.

मला मात्र त्याचं सगळं कळायचं. त्यात कौतुक काही नाही. अक्षरं मोडकी होती, पण बोलण्याची चाल शाबूत होती. विचारतोय की तक्रार करतोय, हे चालीवरून कळलं की शब्द ओळखणं अवघड नव्हतं. तो बोलायचा, मी लोकांना सांगायची. आई म्हणायची, "देवानं त्याची जीभ तुझ्या तोंडात ठिवली." मला ते ऐकायला आवडायचं.

वडिलांची, अण्णांची, काळजी वेगळी होती. माल बार्शीहून यायचा. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या; मधे करोडगिरीचा नाका, जकात वसूल करणारा. अण्णांचे गुडघे गेले होते. "शिपायानं इचारलं, गाडीत काय हाय, तर ह्यो काय सांगंल? का जन्मभर अक्काला संगं न्यायचं?"

माझं लग्न झालं, सोनारीकडच्या एका गावात. पंचमीला माहेरी आले तर भाकरतुकडा ओवाळायच्या आधीच आई सांगायला लागली. मिरचीचं पोतं ओतताना ठसका लागू नये म्हणून त्यानं नाक दाबलं होतं, आणि तसंच गिऱ्हाइकाला विचारलं, "पावशेर?" स्वच्छ. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

वारा नाकातून निसटेनासा झाला की ओठांना जोर मिळतो, एवढंच ते. इतक्या वर्षांत घरात कुणाला सुचलं नव्हतं. गरजच पडली नव्हती, मी होते ना. नाक दाबलं की मिरचीची मात्र बिरची व्हायची. "बिरची कशी दिली, मालक?" म्हणून लोक हसायचे. तोही हसायचा आणि पुन्हा म्हणून बघायचा. प ला धरायचं, म ला सोडायचं. मी आले तोवर त्याची चिमटी जिभेइतकी चपळ झाली होती.

आणि मी आल्यावर ती थांबली. माझ्याशी बोलताना तो नाकाला हात लावेना, मग आईशीही लावेना. आई माझ्याकडे बघायची, मी सांगायची. एका सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यानं मला आतून हाक मारून बोलावलं, त्याच्या वतीनं बोलायला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पंचमी झाली की त्याला एकट्याला बार्शीला धाडायचं ठरलं होतं.

त्या दिवशी जेवताना त्यानं पाणी मागितलं. तांब्या माझ्याजवळ होता.

"काय?" मी म्हटलं.

त्यानं पुन्हा मागितलं.

"कळंना मला. नीट बोल."

आई म्हणाली, "आता तुला बी कळंना व्हय गं? सासरी जाऊन कान फुटले का तुझे?"

मी भाकरी मोडत राहिले. तो माझ्याकडं बघत होता. मग त्यानं नाक चिमटीत धरलं आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाला, "पा." चिमटी सोडली. "णी."

गाडी घेऊन तो बार्शीला गेला, नाक्यावर मालाची नावनिशी सांगून परत आला. पुढं दुकानही त्यानंच चालवलं. मी केलं ते योग्यच होतं. आजही तसंच करीन. पण त्यानंतर तो माझ्याशी जुनं बोलला नाही. निजाम गेला, नाका उठला, तरी मला अक्का म्हणताना त्याचा हात नाकाकडं जायचा. नाक न धरताही मला कळतं, हे सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

एकदाच, तो तापानं फणफणला होता तेव्हा, मी उशाशी बसले होते. डोळे मिटूनच तो म्हणाला, "अंआ, माणी."

आणि इतक्या वर्षांनी ते ऐकताना नकळत माझ्या तोंडून गेलं, "काय?"

मी लगेच तांब्याकडं वळले. पण तोवर त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला होता.