वाकलेल्या पाठीचं माप

मावशींच्या शिवणकामाच्या दुकानात एक कायदा होता. गिऱ्हाइकाने मोठ्या आरशासमोर ताठ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, आणि कपड्यावर एकही सुरकुती नसली तरच मावशी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायच्या, "झालं. घेऊन जा." सुरकुती दिसली की कपडा पुन्हा मशीनवर. नवरा गेल्यावर याच कायद्यावर त्यांनी दोन मुली शिकवल्या, मार्गी लावल्या. रोज सकाळी मशीनच्या चाकाला हात लावून देवाचं नाव घ्यायचं, मग पहिली टीप. सव्वीस वर्षांत त्यांचा कपडा कुणी परत आणला नव्हता, आणि मावशींना त्याचा अभिमान होता. देवासमोर त्या तो कबूलही करायच्या.

समोरच्या लॉजमध्ये त्यांची धाकटी जाऊ चादरी-पडद्यांचं काम बघायची. त्या आठवड्यात लॉज सायकलच्या शर्यतवाल्यांनी भरलं होतं. नऊ दिवसांची शर्यत, मधला एक दिवस विश्रांतीचा. त्या विश्रांतीच्या सकाळी जाऊ एका उंच, वाळक्या पोराला घेऊन दुकानात शिरली. पोराच्या हातातही सायकल होतीच.

"जाऊबाई, याला जरा वाचवा. सराव करताना वळणावर घसरला. ढोपर सोलवटलंय त्याचं काही नाही, रडतोय कपड्यासाठी!"

"रडत नाहीये हो," पोरगा लाजून म्हणाला.

कपडा म्हणजे गळ्यापासून मांडीपर्यंत एकसंध, अंगाला चिकटणारा, समोर चेन असलेला. कमरेपाशी बोटभर फाटला होता. मावशींनी त्याला आत जाऊन तो घालायला सांगितला. बाहेर आला तो कुबड काढूनच. मान ओढलेली, खांदे पुढे, पोटावर घड्याच घड्या.

"ताठ उभा राहा की रे."

"राहता येत नाही मावशी यात. असाच असतो तो. तुम्ही फक्त फाटलेलं शिवा."

तो कपडे बदलून, मलमपट्टी करायला गेला. मावशींनी फाटलेलं शिवलं, कुठे शिवलंय ते शोधावं लागेल इतकं नेटकं. पण त्या घड्या काही नजरेसमोरून हलेनात. लेकराने असं आवळून घेऊन तासन्‌तास सायकल मारायची? कुणी आंधळ्याने बेतला की काय हा कपडा! शेवटी त्यांना राहवलं नाही. पाठीची शिवण उसवून त्यांनी तशाच ताणाच्या काळ्या कापडाची दोन बोटं रुंद पट्टी आत घातली. वर त्याचे पैसे घ्यायचे नाहीत असंही ठरवून टाकलं.

दुपारी पोरगा आला, मागोमाग पडद्यांचा गठ्ठा घेऊन जाऊही आली. कपडा घालून आरशासमोर ताठ उभा राहिला. एक सुरकुती नाही. मावशींचा चेहरा फुलला. पोराचा मात्र उतरला.

"मावशी, पाठीला काही केलंत का?"

"मोकळी केली. आता घे श्वास पोटभर."

दाराशी टेकवलेली सायकल त्याने आत आणली, टेबल धरून वर बसला आणि पुढच्या दांड्यांवर कोपरं टेकून पार आडवा झाला. पाठीवरचं कापड सैल पडून फुगलं, उशीच्या अभ्र्यासारखं.

"यात वारा भरणार," तो हळूच म्हणाला.

मग मावशींना कळलं. तो कपडा उभ्या माणसासाठी बेतलेलाच नव्हता. वाकलेल्या माणसासाठी होता.

"दुसरा असेल ना तुझ्याकडे?"

"आमच्या म्होरक्याकडे तीन आहेत. मला एकच. मी पाणक्या ना!"

"म्हणजे?" जाऊ पडद्यांचा गठ्ठा सोडून पुढे आली.

सायकलवरून उतरून तो स्टुलावर बसला आणि सांगू लागला. संघात आठ जण, पण जिंकायचं एकाने. बाकीचे त्याच्यासाठी. हा मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपाशी जायचा, सदऱ्यात पुढे-मागे सात-आठ बाटल्या कोंबायचा आणि पुन्हा जीव तोडून पुढे येऊन सगळ्यांना वाटायचा. म्हणून नाव पाणक्या. वारा समोरून असला की याने म्होरक्याच्या पुढे राहायचं, म्हणजे तो मागे दम राखून ठेवतो. म्होरक्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.

"आणि मग तुझा नंबर?"

"चार वर्षांत सगळ्यात वरचा नंबर एक्केचाळिसावा."

"आणि आई काय म्हणते?"

"म्हणते, टीव्हीवर दिसतोस, पण नेहमी बाटल्या घेऊनच का दिसतोस?"

जाऊ खो खो हसली. मावशींना हसू येईना.

"उद्या प्रत्येकाने एकट्याने जायचं असतं," तो पुढे म्हणाला. "मिनिटामिनिटाने एकेकाला सोडतात, घड्याळाशी शर्यत. त्या एकाच दिवशी मी माझ्यासाठी पळतो. पुढच्या वर्षी संघातून दोघांना कमी करणार आहेत. संघाचे साहेब उद्याच्या वेळेचे आकडे बघून ठरवतील. असू दे मावशी. तुम्ही मायेनेच केलंत."

हे शेवटचं वाक्य मावशींना फार लागलं. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"बस सायकलवर," त्या म्हणाल्या. "उद्या बसशील तस्सा. आणि हलू नकोस."

दुकान ते केवढं! पुढचं चाक कपाटाखाली, मागचं दाराबाहेर. जाऊने सायकल धरली. पट्टी उसवून मावशी टाचण्या लावू लागल्या, आणि तेव्हा दुसरी अडचण ध्यानात आली. त्या कापडात जिथे सुई जाते तिथे भोक राहतं. जुन्या भोकांची रांग शिवणीच्या आतच गेली पाहिजे, नाहीतर ताण पडताच कापड तिथेच टरकणार. म्हणजे नवी टीप त्या भोकांच्या दोराभर आत, त्याहून जास्त नाही.

"आवळतंय का?"

"आवळू दे."

"श्वास घे. सोड. आता?"

"अजून थोडं. मानेपाशी."

"जाऊबाई, आज पहिल्यांदाच तुम्ही गिऱ्हाईक आरशात न बघता माप घेताय," जाऊ म्हणाली.

"तू सायकल सोडू नकोस. तोंड सोडलंस तेवढं पुरे."

तासभर तो पोरगा तसाच वाकलेला राहिला, कुरकुर नाही. मग कपडा मशीनवर आला. मावशींनी चाकाला हात लावला. 'देवा, चूक माझी आहे, पोराला भोगायला लावू नकोस,' एवढंच मनात म्हणाल्या, आणि मोटार बंद ठेवून हाताने चाक फिरवत नागमोडी टीप घालत गेल्या. वीतभर शिवणीला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या हमरस्त्यावर दोघी जावा उभ्या होत्या. एकेक जण सुर्रकन जात होता. तो आला तेव्हा जाऊ ओरडली, टाळ्या पिटल्या. मावशींनी ना चेहरा पाहिला, ना पाय. पाठ तेवढी पाहिली. ती समोरून गेली, तासलेल्या लाकडासारखी सपाट, आणि वळणाआड गेली.

दुपारनंतर संघाची बस निघायच्या तयारीत होती. पाणक्या धावतच दुकानात आला. ओठ वाळलेले, डोळे लाल.

"मावशी, नववा!"

"बाई गं! एकशे दहा जणांत?" जाऊने गालावर हात ठेवला.

"आणि साहेब?" मावशींनी विचारलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

"बोलावलं होतं. म्हणाले, अजून एक वर्ष आहेस."

मावशींनी मशीनच्या चाकाला हात लावला.

"मग आता तू म्होरक्या होणार?" जाऊने विचारलं.

"छे! पुन्हा बाटल्याच."

"अरे, मग एवढा नाचतोस कशाला?"

"पुन्हा बाटल्या मिळाल्या म्हणून!" तो म्हणाला.

बसचा हॉर्न वाजला. तो मावशींच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला खांद्यांना धरून वरच उचलला. "पडू नकोस वळणावर," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी आईला सांग, बाटल्या मोजायच्या."