सोनगीरला वगळून गेलेला फोन

यंदाच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात ते आठच्या दरम्यान, माझ्या आजीवर अन्याय झाला. करणारे दोघे. दोघेही माजी सैनिक, दोघांच्या छातीवर पदकं, दोघांनी बांगलादेशच्या लढाईत शत्रूच्या मुलखात विमानातून उड्या मारलेल्या. म्हणून त्यांना सूट द्यावी, असं मला तेव्हा वाटलं नाही.

काय झालं ते नीट सांगते.

छत्रीनं उतरणारा जवान पाठीवर छत्री बांधून विमानात रांगेत उभा राहतो. स्वतःची पाठ त्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं आपल्या पुढच्याची पाठ तपासायची. पट्टे घट्ट आहेत का, दोरी वरच्या तारेला अडकवलीय का. मग त्याच्या खांद्यावर थाप मारून 'ओके' ओरडायचं, की त्यानं त्याच्या पुढच्याला थाप द्यायची. मागून निघालेली थाप दारापर्यंत पोचली, की उडी. माझे आजोबा ज्या रांगेत होते तिच्यात चौघे आमच्या खानदेशातले. सगळ्यात मागे पिंपळनेरचे नाना, त्यांच्या पुढे सोनगीरचे आमचे आजोबा, मग नरडाण्याचे भाऊ आणि पार दाराशी रावेरकडचे केळीवाले आबा.

पेन्शनीत आल्यावरही चौघांनी ती थाप सोडली नाही. आधी पोस्टकार्डं, मग एसटीडी बूथ, मग मोबाइल. दर रविवारी सकाळी नाना आजोबांना फोन करणार, आजोबा नरडाण्याला, नरडाणा रावेरला. याला ते 'पाठ बघणं' म्हणायचे. आमच्या गल्लीत छत्रीवाल्यांचा रविवार म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळायचं.

फोनवर बोलायची मात्र आजी. आजोबांचे कान केव्हाच गेले होते. पलीकडून नाना पहिलं वाक्य ठरलेलं टाकायचे, "वहिनी, गडी जित्ता शे का?"

"जित्ता शे. भाकर मागी ऱ्हायना."

"दी टाका मंग. भूक्या फौजी वाईट ऱ्हास."

मग खरं बोलणं सुरू व्हायचं. गुडघे, कांदा, सुनेचं माहेर. आजी त्यातलं निवडक आजोबांच्या कानात ओरडायची आणि पुढचा नंबर लावायची. पुरुष 'ओके' म्हणून मोकळे झाले असते. कुणाचा मोतीबिंदू पिकला, कुणाच्या नातीचं बाळंतपण अडलं, हे चार घरांत पोचलं ते बायकांनी फोन धरला म्हणून. पदकं कुणाला मिळाली ते वर लिहिलंच आहे.

जानेवारीच्या शेवटी आजोबा गेले. नाना आले. आबा नातवाच्या खांद्यावर हात टेकत आले. दोघांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला. दिवसांच्या शेवटी गंधमुक्तीच्या पंगतीलाही बसले. जाताना आजीला नुसते हात जोडले.

सुतक संपल्यावरच्या त्या पहिल्या रविवारी मी धुळ्याहून सोनगीरला आलेली होते. आजीनं अंघोळ उरकली आणि मोबाइल खिडकीतल्या स्टीलच्या डब्यावर ठेवला. आमच्या घरात रेंज फक्त तिथंच येते. शेजारी बसली. दूध तापलं, निवलं, साय धरली.

"फोन बिघडना का व?" तिनं विचारलं.

मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. खणखणीत वाजला. तिचा चेहरा बघून वाटलं, बिघडलेला असता तर बरं झालं असतं.

मी रावेरला लावला. आबांची सून म्हणाली, "नानांचा फोन केव्हाच येऊन गेला की." म्हणजे थेट. सोनगीरवरून उडी मारून. मागून आबांनी फोन घेतला आणि मलाच समजावलं. रांगेतला माणूस कमी झाला की मागचा पुढे सरकतो, फौजेत जागा मोकळी ठेवत नाहीत. "त्यात वाईट कायले वाटून घेतं, पोरी?"

माणूस कमी झाला होता, आबा. घर कमी झालेलं नव्हतं. घरात एक बाई होती आणि ती अंघोळ करून फोनशेजारी बसली होती.

पुढच्या रविवारी आजीनं तो डबा खिडकीतून उचलून मांडणीवर ठेवून दिला.

मी धुळ्यात जे करते तेच केलं. बसथांब्याला शेड नाही, पत्रक काढ. दवाखान्यात बायकांच्या रांगेला पंखा नाही, पत्रक काढ. रागाला आले की माझ्या हातून मजकूर आपोआप उतरतो. 'दोन माजी सैनिकांचा जाहीर निषेध' असा मथळा दिला. नानांना 'उद्दाम' म्हटलं, आबांना 'नियमांचे गुलाम'. आजी लसूण सोलत होती. तिला वाचून दाखवलं.

"हाई कोनले वाटशी?"

"सगळ्यांना."

"मंग?"

"मग त्यांना लाज वाटेल."

"तेसनी लाज लिसन मी काय करू?" आजी म्हणाली. "माले फोन जोयजे."

 पत्रकानं कधी कधी शेड मिळते. फोन मिळत नाही. आम्ही पिंपळनेरला जायचं ठरवलं.

धुळ्याला गाडी बदलून साक्रीमार्गे गेलो. नाना ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. आजीला गेटातून येताना बघून उठायला गेले ते अर्धवटच उठले. मी वाटेत तोंडपाठ केलेलं सुरू केलं, "नाना, तुम्ही जे केलंत त्याला काय म्हणतात, माहीत आहे?" आजीनं माझं मनगट दाबलं.  ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "नाना, मन्हा नंबर खोडी टाका का?"

नाना पुन्हा शेंगांकडे वळले. शेंगा न सोलताच टरफलांच्या ढिगात टाकत होते.

"वहिनी, इतला वरीस मी फोनवर पहिले एकच इचारं. गडी जित्ता शे का. त्या रविवारे फोन हातमा लिधा. तुमना नंबर लावा. आनि तोंडमा तेच उनं." त्यांनी अंगठ्यानं फोन कापल्याची खूण केली. "काटी टाका फोन. मंग थेट रावेर."

पत्रकात मी ज्याला उद्दाम म्हटलं होतं तो माणूस हा. इतकी वर्षं एकच थट्टा केली आणि ती थट्टाच आता त्याच्या वाटेत आडवी पडली. आबांनी सांगितलेला नियम वगैरे सगळं मागाहून पांघरलेलं. मुळात त्याला पहिलं वाक्य सुचत नव्हतं. तरीही सांगते, न सुचणं हा गुन्हा नसला तरी गप्प राहणं हा होता. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर शे."

आजी म्हणाली, "मंग माले इचारा ना. मी जित्ती शे ना?"

नानांनी मान वर केली. "तुमले काय व्हनार शे, वहिनी. तुमी आम्हले सगळासले मसनमा पोचाडीसन जाशात."

"पोचाडसू. पहिले चहा लया."

आत नानांची सून चहा घेऊनच उभी होती. सगळं ऐकत असणार.

परतीच्या गाडीत मी खुशीत होते. जिंकलो, असं म्हणालेही. आजी खिडकीबाहेर बघत होती. साक्री मागे पडल्यावर म्हणाली, "नरडाणावालीले मीबी तसंच करं."

मला एकदम कळलं नाही. मग लक्षात आलं. नरडाण्याचे भाऊ तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आमच्या घरून फोन थेट रावेरला जायला लागला. लावणारा हात आजीचा.

"का?"

"काय बोलू तिले, समजनं नही. आज करसू, उद्या करसू. मंग तर लाजच वाटे."

मी तिला पत्रकातला एकही शब्द ऐकवला नाही. पिशवीत मात्र तो कागद होता, आणि त्यात 'दोन' खोडून 'तीन' करावं लागलं असतं.

सोनगीरला आम्ही घरी गेलोच नाही. आजी म्हणाली, आज नाही गेले तर पुन्हा लाज वाटेल. तशाच नरडाण्याला गेलो. भाऊंच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. अक्का दारात उभ्या होत्या, कारखान्यातून सुटलेल्या नातवाची वाट बघत. त्यांनी आजीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भेटनी का सवड?"

"भेटनी," आजी म्हणाली.

"तीन वरीसमा?"

"तीन वरीसमा."

अक्का बाजूला सरल्या. "ये घरमा. भांडान शे तुन्हासंगे, ते बसीसन भांडू."

भांडल्याही. मी बाहेरच्या खोलीत नातवाशी बोलत बसले आणि आतून एकदा आजीचा, एकदा अक्कांचा आवाज चढत होता. शेवटी आम्ही निघताना अक्का म्हणाल्या, "रविवारे सकायले नळ येस. पानी भराई गयं, का मंगच फोन कर."

आता रविवारी फोन चार घरं फिरतो. नाना सोनगीरला लावतात आणि आजीची तब्येत विचारतात. पहिल्या वेळी ते इतके औपचारिक बोलले की आजीला वाटलं बँकेतून फोन आलाय. आजी नळाच्या वेळेनंतर नरडाण्याला लावते, अक्का रावेरला. तिथं आबांचा घसा बसलेला असला की सून बोलते, आणि ती अशी बोलते की अक्का अर्धा तास मोकळ्या होत नाहीत. नियम मोडला हे आबा कबूल करत नाहीत. रांग तीच हाये, म्हणतात. म्हणू देत. मागच्या महिन्यात अक्कांना ताप होता, तर सगळ्यात आधी पोचला तो आबांनी पाठवलेला नातू. रावेरहून, केळीचा घड घेऊन. तापात केळी खाऊ नयेत यावर तो चार घरांचा फोन दोन रविवार चालला.

आता तुम्ही. तुमच्या मोबाइलमध्ये गेलेल्या माणसाचा एक तरी नंबर आहे. वडिलांचे दोस्त, जुने शेजारी, कुणीही. तुम्ही तो खोडलेला नाही आणि लावलेलाही नाही. तो फोन अजून कुणीतरी चार्ज करून जवळ ठेवतं. काय बोलावं सुचत नाही, हे कारण मला सांगू नका. मी ते दोन लढवय्या म्हाताऱ्यांकडून आणि माझ्या सख्ख्या आजीकडून ऐकलं आहे. येत्या रविवारी तो नंबर लावा, आणि जी उचलेल तिला तिच्याबद्दल विचारा.