प्रेसच्या डोळ्याला शेंदूर

माझा धाकटा भाऊ गुणवंत कुणालाही भेटला की आधी त्याच्या हातांकडे बघतो. माझ्या लेकीसाठी, समतासाठी, स्थळ पाहायला गेलो तेव्हा बाकीचे मुलाचं पॅकेज विचारत होते आणि हा त्याची बोटं न्याहाळत बसला होता. त्यावरून आम्ही त्याला पुष्कळ छळलं. पण त्याचं ते वेड उगाच नव्हतं. पवनीहून आयटीआय करून तो दिल्लीजवळ मानेसरला आला, गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर लागला आणि तिथे शेजारच्या माणसाची तुटलेली बोटं त्याला पत्र्यांतून वेचावी लागली. त्यानंतर बरेच दिवस माझ्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये तो वरणभातही चमच्याने खायचा.

पुढे त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. माणसं दहाच्या आत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नव्हता. कुणाला काही झालं तर सगळा भार मालकावर. आसपासचे शेडवाले देवावर हवाला ठेवून धंदा करत. याने मात्र पहिला प्रेस आणायच्या आधी कामगारांच्या भरपाईचा विमा उतरवला आणि प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सर बसवले. मध्ये नुसतं बोट आलं तरी वरून येणारा दट्ट्या जागच्या जागी थांबायचा. धंदा करायला आलास की दवाखाना काढायला, असं शेजारी विचारत. तो हसून सोडून द्यायचा.

नवा माणूस लागला की त्याचा एक ठरलेला प्रकार असे. चालू प्रेसमध्ये तो स्वतःचा हात घाले. दट्ट्या अधांतरी थांबला की म्हणे, “देखा? ये अपने आप रुक जाएगी.” मी एकदा ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. माणसांचा भरवसा बसायला हवा ताई, एवढंच तो म्हणाला. आणि भरवसा बसलाही. कौशल्या नावाची बिहारची बाई तर प्रेसवर अशी भराभर हात चालवायची की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. मशीनला डोळे आहेत, मला कसली भीती, असं ती मला हसत सांगायची.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला मशीनं बंद असतात. ती धुतात, हार घालतात, टिळे लावतात. आम्ही बावीस प्रतिज्ञा म्हणत वाढलेली माणसं. गुणवंत पूजेला बसत नाही, पण कामगारांना अडवतही नाही, आणि बुंदी सगळ्यांच्या आधी खातो. यंदा कौशल्याने सेन्सरच्या काचांनाही शेंदूर लावला. डोळ्यांना तेवढं का वगळायचं, हा तिचा सरळ हिशोब. दुसऱ्या दिवशी हार निघाले, टिळे पुसले गेले. पण त्या काचा मुळातच लालसर, त्यांवरचा शेंदूर कुणाच्या नजरेत आला नाही. आणि त्याच सकाळी कौशल्याचा उजवा हात प्रेसखाली गेला. अंगठा तेवढा वाचला.

मला फोन आला तेव्हा माझा विश्वासच बसेना. दुसऱ्या कुठल्याही शेडचं नाव सांगितलं असतं तर पटलं असतं. गुणवंतकडे? सेन्सर नेमका तेव्हाच बिघडला, असं सगळे म्हणत होते. गुणवंत काहीच म्हणत नव्हता. मला वाटलं, धक्का बसलाय.

विमा कंपनीचा माणूस हॉस्पिटलात चौकशीला आला त्या दिवशी मी कौशल्यासाठी डबा घेऊन तिथे गेले होते; गुणवंतही होता. सेन्सर कसा निकामी झाला, एवढंच त्याला हवं होतं. कौशल्या खाली बघत म्हणाली की चूक तिचीच, मशीनच्या डोळ्याला शेंदूर तिनेच लावला होता. त्याने मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. सुरक्षेचं साधन बाईनेच बिघडवलं असं ठरलं तर भरपाई वादात पडणार, आणि त्या हातासाठी तिला मिळण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कागदावर सही करायला तिने डावा हात पुढे केला.

“रुकिए,” गुणवंत म्हणाला. “सिंदूर लगा हो तो मशीन चलती ही नहीं. उस दिन भी नहीं चल रही थी. सेन्सर मैंने बंद किया. चाबी मेरे पास रहती है.”

मग तो सगळं सांगू लागला. गेटवर माल न्यायला ट्रक उभा होता, इलेक्ट्रिशियन वाटेत अडकला होता, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे असं त्याला वाटलं. याने? ज्याला वर्षानुवर्षं लोकांची बोटं दिसत आली, त्याने? कौशल्या तेव्हा चहाला गेली होती. ती परत येऊन प्रेसवर बसली तेव्हा हा पाठमोरा उभा राहून इलेक्ट्रिशियनला फोन लावत होता. मला त्याचा इतका संताप आला की पूर्वीचा तो धपाटा काहीच नव्हे असा हात उचलावासा वाटला.

विम्याचा माणूस सांभाळून बोलू लागला. मालकानेच सेन्सर बंद केला असेल तर कंपनी हरकत घेईल, गुन्हाही दाखल होऊ शकतो. बाईची भरपाई माझ्याकडून वसूल करा, शेड विका, पण तिची चूक लिहू नका, असं गुणवंतने त्याला सांगितलं. तेव्हा मला वाटलं, उशिरा का होईना, माझा भाऊ मला परत दिसला.

कौशल्या हे सगळं ऐकत होती. ती रागावलेली दिसत नव्हती. काहीतरी समजून घेत असावी तशी तिच्या कपाळावर आठी पडली होती.

“बंद किया था तो बताया क्यों नहीं, भैया?” तिने विचारलं. “मैं चिमटे से काम कर लेती.”

हात आत न घालता पत्रा धरायचा तो चिमटा मी पाहिलेला आहे. तो प्रेसच्या बाजूलाच, हात लांब केला की हाताला लागेल असा टांगलेला असतो.