विल्मट पीझचा कान

हॅरो फॉल्सच्या टाउन हॉलात शिरलं की नेडीन गूलेची नजर अजूनही आधी दाराशेजारच्या भिंतीकडे जाते. आता तिथे नुसता नोटिसांचा बोर्ड आहे. कुत्र्यांचे परवाने, हरवलेलं मांजर, योगाचे वर्ग. पण नेडीनला तिथे मतदारयादीच दिसते, चार टाचण्यांवर टांगलेली. यादीत ‘पी’खाली विल्मट पीझ हे नाव, आणि नावापुढे एक अक्षर. त्या एका अक्षरानं गाव किती ढवळून काढलं होतं, ते आठवून ती एकटीच हसते. मग हसू विरतं.

विल्मट करवतींना धार लावायचा. चेनसॉ दुरुस्त करायचा, गवत कापायची यंत्रं चालू करून द्यायचा. इंजिन बिघडलं की आधी उघडायचा नाही. चालू करायचा आणि वाकून एक कान त्याच्यापाशी न्यायचा. तोंडावर धूर, डोळे मिटलेले. मग म्हणायचा, “पेट्रोलात पाणी आहे.” आणि असायचंच.

त्याच कानाच्या जोरावर गावानं त्याला बावीस वर्षं गावसभेचा मॉडरेटर केलं होतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याच्या उत्तर भागात, मार्चच्या चिखलात, वर्षातून एकदा सगळं गाव टाउन हॉलात बसतं आणि स्वतःचं भलंबुरं स्वतः ठरवतं. ठराव आला की मॉडरेटर विचारतो, “हो म्हणणारे?” एक गलका होतो. “नाही म्हणणारे?” दुसरा गलका होतो. कोणता मोठा, हे मॉडरेटर कानानं ठरवतो आणि हातोडा आपटतो. निकाल पटला नाही तर सात जणांनी उभं राहायचं, मग चिठ्ठ्या टाकून मोजणी. विल्मटच्या बावीस वर्षांत सात जण एकदाही उभे राहिले नव्हते.

कारण तो कोणाचाच नव्हता. गार्थ टटल हा लाकूडतोड्या त्याला तोंडावर ‘कम्युनिस्ट’ म्हणायचा, कारण गिरणीच्या संपात विल्मटनं संपवाल्यांना रोज कॉफी पोचवली होती. शहरातून तळ्याकाठी राहायला आलेली ज्यूडिथ सॉर्किन मैत्रिणींना सांगायची, “माणूस गोड आहे गं, पण विचारांनी जुनाट. बंदुकीचा विषय काढू नका.” दोघांच्याही करवती मात्र त्याच्याच दुकानात यायच्या, आणि करवत येईपर्यंत दोघंही त्याच बाकावर बसून भांडायची.

“तू नक्की कुठला रे?” गार्थ विचारायचा.

“लाकूड बघून करवत उचलतो मी,” विल्मट कानस चालवत म्हणायचा. “तू एकच करवत घेऊन अख्ख्या जंगलात फिरतोस. म्हणून माझा धंदा चालतो.”

दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली मंडळी बर्फ तुडवत त्याच्याही दुकानात हात मिळवायला यायची. तो काळ्या तेलाचा हात तसाच पुढे करायचा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न टाकायचा: “तुमच्याच पक्षाचं कुठलं म्हणणं तुम्हाला चुकीचं वाटतं?” मंडळी हसायची, मदतनिसाकडे बघायची, घड्याळाकडे बघायची. एकदा एकानं दोन मिनिटं विचार करून खरं उत्तर दिलं होतं. “तो पडला,” विल्मट सांगायचा. “पण मी मत दिलं त्याला.”

नेडीन तेव्हा गावची क्लार्क. आईच्या कडेवर बसून गिरणीच्या युनियनच्या बैठकांना गेलेली, जन्माची डेमोक्रॅट. नावापुढचं तिचं अक्षर कधी बदललं नाही आणि त्यात तिला लाजही नव्हती. विल्मटच्या नावापुढे मात्र ‘अघोषित’, म्हणजे कुठल्याच पक्षाचा नाही. पक्ष आपापला उमेदवार ठरवतात त्या प्राथमिक निवडणुकीला अघोषितानं यायचं, कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागायची. ती हातात पडली की तो त्या पक्षाचा. मत टाकून निघताना दाराजवळच्या मेजावर सही करायची, की पुन्हा अघोषित. पाच मिनिटांचं लग्न आणि दारातच काडीमोड. त्या मेजावर नेडीन बसायची.

नव्वदीच्या दशकातल्या त्या फेब्रुवारीत विल्मट आला. कानटोपी काढून म्हणाला, “या वेळी हत्तीवाल्यांची, रिपब्लिकनांची दे.”

“मागच्या वेळी आमचं गाढव होतं.”

“मागच्या वेळी खरं भांडण गाढवांत होतं. भांडण जिथे खरं, तिथे मत द्यावं, पोरी.”

मत टाकून तो परतला तेव्हा हॉलात गर्दी होती, बुटांचा चिखल होता, आणि हीटरचा पंखा गरगरत होता. तो कानटोपी चढवत मेजाजवळून पुढे गेला. नेडीननं हाक मारली. “विल्मट, सही!” त्यानं वळून पाहिलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, आणि तिसऱ्यांदाही. दार बंद झालं.

ती उठून मागे धावू शकली असती. धावली नाही. मनात कुठेतरी टोचलं होतं तिला. ‘गेला शेवटी तिकडे,’ असं वाटून गेलं, आणि पुढच्या माणसाचं नाव तिनं विचारलं.

मार्चमध्ये यादी भिंतीवर लागली, विल्मटच्या नावापुढे रिपब्लिकनांचं ‘आर’. ज्यूडिथनं पाहिली आणि दुपारपर्यंत गावानं पाहिली. गार्थ दुकानात शिरला तोच हात पसरून. “ये, ये! आलास घरी! बावीस वर्षं उंबऱ्यात उभा होतास, पाय दुखले असतील!”

विल्मटला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो हातातली कानस घेऊनच कचेरीत आला. दाराशी थांबून त्यानं यादी वाचली, नावावर बोट ठेवून पुन्हा वाचली.

“मला हाक का नाही मारलीस?”

“मारली होती.”

“नाही मारलीस, नेडीन.”

“दोनदा मारली. तू थांबलाच नाहीस.”

“बावीस वर्षांत मी कधी न थांबता गेलोय?”

नेडीननं खण उघडला, सहीचा कोरा कागद काढला आणि पेन पुढे केलं. “इथे सही कर. तारीख मी घालते. अक्षर खोडून टाकते, आणि विषय संपला.”

“कुठली तारीख घालणार?”

“त्या दिवसाची.”

“त्या दिवशी मी सही केली नाही.”

“अरे बाबा, सभा आठवड्यावर आली! शिकारबंदीचा ठराव आहे. तू स्वतः शिकारी, आणि वर हे अक्षर. लोक तुझ्या हातोड्यावर विश्वास ठेवतील?”

“आणि खोट्या तारखेवर ठेवतील?” त्यानं कागद परत सरकवला. “सभा झाली की येईन. खरी तारीख घालून सही करीन. तोवर लटकू दे भिंतीवर.” मग जाता जाता, पाठ फिरवूनच म्हणाला, “चूक झाली असेल तर सांगायचं, पोरी. हाक मारली म्हणून सांगू नये.”

तो दोष त्यानं तिच्यावर टाकला. नेडीनला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

सभेला हॉल खच्चून भरला होता. तळ्याकाठी गावच्या मालकीचं रान आहे, तिथे शिकारीला बंदी घालावी, असा ज्यूडिथचा ठराव होता. तिची मंडळी खिडकीकडे बसली. शिकारी आणि लाकूडतोडे नेहमीसारखे दाराकडच्या भिंतीला पाठ लावून उभे, म्हणजे मधेच बाहेर जाऊन सिगारेट ओढता येते. मंचावर विल्मट हातोडा घेऊन, आणि त्याच्या शेजारी नेडीन नोंदवही घेऊन. दोघांत शब्द नाही.

ज्यूडिथ उठली. “मॉडरेटरसाहेब, एक शंका आहे. रागावू नका. ठराव शिकारीचा, आणि तुम्ही आता…”

“आता काय?”

“यादी पाहिली आम्ही.”

विल्मटनं हातोडा हळूच मेजावर ठेवला. “मला खाली बसवायचा अधिकार सभेला आहे, ज्यूडिथ. तसा ठराव मांडा. मतदान मीच घेतो, आणि हरलो तर मीच जाहीर करतो.”

थोडं हसू फुटलं. ज्यूडिथ लाल झाली. “नाही… मी फक्त बोलून दाखवलं.”

“बस खाली, बाई!” भिंतीकडून गार्थ ओरडला. “तो आता आमचा आहे!”

“गार्थ, मी तुझा असतो तर आधी तुला हात वर करून बोलायला शिकवलं असतं.”

मग दोन तास चर्चा झाली. एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं बंदीच्या बाजूनं भाषण केलं, कारण तळ्यावर त्याची नातवंडं स्केटिंग करायची. ज्यूडिथच्या शेजारणीनं बंदीला विरोध केला, कारण हरणं तिचे ट्यूलिप खायची. विल्मटनं प्रत्येकाला तेवढाच वेळ दिला, मोजून. दुपारी चर्चच्या बायकांनी केलेले बीन्स आणि ब्राउन ब्रेड झाले. मग मतदान.

“हो म्हणणारे?”

खिडकीकडून गलका उठला.

“नाही म्हणणारे?”

भिंतीकडून असा आवाज आला की नेडीनच्या हातातलं पेन हललं. प्रश्नच नव्हता. तिनं वहीत ‘नामंजूर’ लिहायला सुरुवातही केली.

विल्मट क्षणभर तसाच उभा राहिला, मान थोडी वाकवून, इंजिन ऐकतो तसा. मग हातोडा आपटला. “हो जिंकले. ठराव मंजूर.”

खिडकीकडची मंडळीसुद्धा टाळी वाजवायची विसरली.

“काय?” गार्थ म्हणाला. “काय म्हणालास?” आणि तो पुढे आला. त्याच्यामागे एक, दोन, तीन… सातवा माणूस पुढे आला तेव्हा विल्मटचा चेहरा नेडीनला बघवेना.

“नियमच आहे,” तो म्हणाला. “चिठ्ठ्या टाका.”

तासभर रांग नेडीनसमोरून सरकत राहिली. तिनं यादीतली नावं खुणावली, एकेक चिठ्ठी पेटीत पडली. हो एकोणपन्नास, नाही एकाहत्तर. तिनं आकडे लिहिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला.

विल्मट कागदाकडे बघत राहिला. मग त्याची नजर भिंतीकडे गेली, भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून फेब्रुवारीत जिथे मेज होतं त्या जागेपर्यंत. त्याचा हात त्या बाजूच्या कानाशी गेला. तोच कान. चाळीस वर्षं इंजिनाला लावलेला.

“तू दोनदा हाक मारली होतीस,” तो हळूच म्हणाला.

“तीनदा,” नेडीन म्हणाली. “भांडण वाढू नये म्हणून दोन सांगितल्या.” मग त्याच्या दुसऱ्या कानाशी वाकून म्हणाली, “आणि मी तुझ्यामागे धावायला हवं होतं. मला वाटलं, तू तिकडे गेलास. मीही अक्षरच वाचलं, विल्मट.”

त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि उभा राहिला.

“ठराव नामंजूर,” तो म्हणाला. “मॉडरेटरचा कान चुकला. दाराकडचा कान गेलाय माझा, आणि मला आत्ता कळलं. तुम्हाला कोणाकडेही न झुकणारा माणूस हवा होता. एक कान गेला की माणूस झुकतो, मंडळी. आणि त्याला वाटतं, आपण सरळच उभे आहोत.”

हातोडा त्यानं नेडीनपुढे सरकवला.

पहिली उठली ती ज्यूडिथ, आत्ताच हरलेली. “मॉडरेटरसाहेब, सात ठराव उरलेत. तुम्हीच घ्या. लोक हात वर करतील. डोळे शाबूत आहेत ना?”

“दुजोरा!” भिंतीकडून गार्थ गरजला. त्या दोघांचं एका बाजूला मत पडल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

विल्मटनं सातही ठराव घेतले. प्रत्येक वेळी हात मोजताना मुद्दाम दोन्हीकडे पूर्ण मान वळवली. पुढच्या वर्षी तो मॉडरेटरपदासाठी उभा राहिला नाही.

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो कचेरीत आला आणि खरी तारीख घालून सही केली. अक्षर बुजलं. “आता मोठ्यानं बोलायचं हं,” तो म्हणाला. “आणि या बाजूला बस.”

तो गेला त्यालाही आता बारा वर्षं झाली. दफनाच्या दिवशी गार्थ म्हणाला, मनातून तो आमचाच होता. ज्यूडिथ म्हणाली, छे, आमचा. दोघं पार्किंगमध्ये अर्धा तास भांडली आणि मग एकाच गाडीतून जेवायला गेली.

नेडीन आता निवृत्त आहे. पण निवडणुकीच्या दिवशी सहीचं मेज दाराशेजारी नसतं. दारातच, अर्धं आडवं असतं. तिनं त्याच वर्षी सरकवलं. नव्या क्लार्कला कारण माहीत नाही, तरी ती ते तसंच लावते. मत टाकून निघालेल्या प्रत्येकाला त्या मेजाला अंग चोरून वळसा घालावा लागतो, आणि तिथे बसलेली बाई मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघते.