गळणाऱ्या गाडीत वाढणारं तेल

शुक्रवारी शाळेच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "मुलांच्या कपड्यांना जळक्या तेलाचा वास येतो. पालक ओरडतायत. सोमवारपर्यंत व्हॅन नीट करा, नाहीतर आम्ही दुसरी बघतो." दुसरी बघितली असती तर आमची चूल बंद. त्या जुन्या व्हॅनखेरीज मला दुसरा धंदा येत नव्हता.

गळतीने आधीच जीव नकोसा केला होता. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मग क्रँकचं सील बदललं, तरी गळती बघायला रात्री गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा सकाळी काळाच. एकदा संतापून चाकाला लाथ घातली. लागलं मलाच.

शनिवारी चिंचपोकळीला गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी इंजिन डिझेलने धुतलं, पुसलं, त्यावर टाल्कम पावडर मारली आणि गाडी चालू ठेवली. पांढऱ्यावर जिथे तेल उमटेल तिथे गळती. उमटलं ते नव्याकोऱ्या सीलपाशीच! गाडी थंड झाल्यावर चाचांनी तेलाची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

"गळतंय तर कमी व्हायला पायजे ना? हे वाढतंय कसं? एवढं भरल्यावर आत प्रेशर येणार, सील बाहेर फेकणारच. कोण टाकतंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. पुठ्ठा रोज बघणाऱ्या मी डिपस्टिक कित्येक दिवसांत काढली नव्हती. चाचांनी जादा तेल काढलं, दुसरं सील बसवलं आणि खुणेच्या वर जाऊ देऊ नकोस म्हणून बजावलं.

रविवारी सकाळी सहाला खाली उतरलो. व्हॅनची पुढची, इंजिनावरची सीट उचललेली, आणि बाबा हातात तेलाचा कॅन घेऊन वाकलेले. मिल बंद पडेपर्यंत परळला ते साच्यांना, म्हणजे कापडाच्या मागांना, तेल घालायच्या कामावर होते. पाळी सुरू व्हायच्या आत प्रत्येक साच्याला तेल मिळालंच पाहिजे, ही त्यांची शिस्त.

"गळता म्हणान थोडा थोडा घालतंय," ते म्हणाले. "तुका ताप नको."

"तुम्हीच वाट लावलीत माझी!" मी ओरडलो. सगळ्या चाळीने ऐकलं. बाबांनी कॅनचं झाकण लावलं, बोटं पुसली आणि जिना चढून गेले.

सोमवारी गाडीखाली थेंब नव्हता. मुलं राहिली, धंदा राहिला. बाबा आता सहाला उठत नाहीत. मी निघताना कुशीवरूनच विचारतात, "गळता काय रे?"

मी नाही म्हणतो. ते भिंतीकडे तोंड करतात.