भोंगा नेमका कधी वाजला

अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. यास्ना बारिया अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टेबलांच्या दोन रांगांच्या मधोमध मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. अकरा टेबलांवर बावीस माणसं गड्ड्या पिसून बसली होती. आणखी साठ सेकंद गेल्यावर ती म्हणाली, ‘‘दुसरी फेरी. पन्नास मिनिटं. सुरू करा.’’ मग दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. हात थरथरतात ते लोकांना दिसू नये म्हणून तिने लावून घेतलेली ही सवय आहे.

पुएर्तो सालेदो या बंदराच्या गावात ‘सात बेटं’ हा पत्त्यांचा खेळ गेली नऊ वर्षं खेळला जातो. पानं विकत घ्यायची, गड्डी स्वतः बांधायची, आणि महिन्यातल्या एका शनिवारी या हॉलमध्ये यायचं. प्रत्येक पानावर त्याचा नियम छापलेला असतो. दोन पानांचे नियम एकमेकांना भिडले की हात वर होतो आणि हाक येते, ‘‘पंच!’’ सहा वर्षांपूर्वी राजधानीतून पंचपरीक्षेचा कागद आला. गावातून चौघं बसले, एकटी यास्ना पास झाली. तेव्हापासून पंच तीच.

तिचं वय सेहेचाळीस. बाकीचे दिवस ती धक्क्यावर असते. समोरच्या बेटावर गाड्या नेणाऱ्या बोटीच्या रॅम्पवर उभं राहून कोणती गाडी कुठे लावायची हे ती हातांनी दाखवते. मासळीचा भरलेला ट्रक, पाऊस, ओहोटीने तिरका झालेला रॅम्प, यातल्या कशाचीही तिला भीती वाटत नाही. हॉलमध्ये मात्र हात वर झाला की ती घाबरते. सहा वर्षांत हे कमी झालेलं नाही. ‘‘ट्रक चुकीचा लागला तर मागे घेता येतो,’’ ती सांगते. ‘‘निकाल मागे घेता येत नाही.’’

त्या शनिवारी तिसऱ्या टेबलावर दोघं समोरासमोर होते. एका बाजूला लुडोविना न्यांकुल, वय एकसष्ट, बाजारात बटाट्याचे मिल्काओ तळून विकणारी. तिच्या पानांच्या प्लॅस्टिक पाकिटांना डुकराच्या चरबीचा वास येतो आणि समोरच्याने नाक मुरडलं की तिला बरं वाटतं. दुसऱ्या बाजूला डागोबेर्तो आल्वारादो, वय चौपन्न. बोटीचा कप्तान. त्याच बोटीचा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोटीवरच्या लोकांचे करार महिन्याचे असतात, आणि कराराच्या कागदावर तीस तारखेला कप्तानाची सही लागते. गेल्या वर्षी रुपेर्तो नावाच्या खलाशाने वायरलेसवर, प्रवाशांच्या देखत, ‘‘कप्तान, जोरात येताय, धक्क्याला आपटाल,’’ असं म्हटलं. म्हणणं बरोबर होतं. तीस तारखेला त्याच्या कागदावर सही झाली नाही. कोणी कारण विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. रुपेर्तो आता जळाऊ लाकूड विकतो. यास्नाच्या दारातही टाकतो. तो मोळ्या उतरवत असताना ती त्याच्याकडे बघायचं टाळते.

दुसरी फेरी नेहमी अकरा दहालाच सुरू होते, त्यालाही कारण आहे. बारा वाजता हॉलच्या छपरावरचा भोंगा वाजतो. पन्नास मिनिटं बरोबर तेव्हा भरतात. त्यामुळे यास्नाने ओरडायची गरज राहत नाही. भोंगा झाला की फेरीची वेळ संपली, हे गावात सगळ्यांना ठाऊक. वेळ संपल्यावर चालू असलेली पाळी पुरी करायची, मग दोघांनी मिळून आळीपाळीने आणखी पाच पाळ्या खेळायच्या आणि थांबायचं. तेव्हा ज्याच्याकडे बेटं जास्त तो जिंकला.

अकरा अठ्ठावन्नला बाकीची दहाही टेबलं आटोपली होती. लोक तिसऱ्या टेबलाभोवती जमले. डागोबेर्तोकडे चार बेटं, लुडोविनाकडे तीन. जिंकणाऱ्याचं अंतिम स्पर्धेसाठी पुएर्तो माँतला जाणं जवळपास नक्की होतं.

‘‘आजी, भजी जळतील. हार माना आणि जा दुकानावर,’’ डागोबेर्तो म्हणाला.

‘‘तुझी आजी केव्हाच वारली, कप्तान. आणि भजी नाहीत ती. बारा खातोस आणि नाव माहीत नाही?’’

लुडोविनाने एक पान टेबलावर मांडलं. दीपगृह. हे पान मांडलं की पुढे स्वतःची प्रत्येक पाळी सुरू होताना त्यावर एक दिवा ठेवायचा. तीन दिवे झाले की डाव जिंकला, बेटं कितीही असोत. म्हणजे तिला स्वतःच्या आणखी तीन पाळ्या हव्या होत्या. तिने डागोबेर्तोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक केली. या गावात टकटक म्हणजे ‘माझी पाळी संपली’.

आणि भोंगा वाजला. किंवा त्याआधीच वाजू लागला होता. भांडण त्यावरूनच झालं.

हा भोंगा जुना आहे. कळ दाबली की आधी छपरात घुरघुर सुरू होते, मग आवाज हळूहळू चढतो, आणि नऊ-दहा सेकंदांनी तो खाडीपलीकडे ऐकू जाईल इतका मोठा होतो. टकटक झाली ती त्या चढाच्या मधोमध.

डागोबेर्तोने हात वर केला. ‘‘पंच!’’

यास्ना टेबलाशी आली. तिने नियमाप्रमाणे दोघांना हातातली पानं पालथी ठेवायला सांगितलं आणि एकेकाला बाजूला नेलं. आधी डागोबेर्तोला. लाल बंबाच्या मागे, जिथे रबरी पाइप वाळत टांगलेले असतात तिथे ते उभे राहिले.

‘‘साधी गोष्ट आहे,’’ तो म्हणाला. ‘‘भोंगा सुरू झाला तेव्हा तिची पाळी चालू होती. टकटक नंतर झाली. म्हणजे तिची ती पाळी शेवटची चालू पाळी, आणि तिच्यानंतर पाच. मी, ती, मी, ती, मी. मोजून बघ.’’

यास्नाने मोजलं. तसं झालं तर लुडोविनाला दोनच पाळ्या मिळत होत्या. दोन दिवे.

‘‘भोंगा सुरू झाला असं तुम्ही कशाला म्हणता, कप्तान?’’

‘‘कळ दाबली की सुरू. मी बावीस वर्षं या दलात स्वयंसेवक आहे, यास्ना. ती कळ मी शेकडो वेळा दाबलीये. आगीच्या वेळी आम्ही घुरघुर ऐकली की पळतो, पूर्ण आवाजाची वाट बघत बसत नाही.’’

म्हणणं चुकीचं नव्हतं. तो आवाज चढवत नव्हता, धमकीही देत नव्हता. जाता जाता तो एवढंच म्हणाला, ‘‘उद्या सव्वासहाची खेप आहे. भरती लवकर आहे, जरा आधी ये.’’

रोजच्या कामाचं वाक्य. यास्नाला आधी तीस तारीख आठवली. त्या दिवशी एकवीस तारीख होती.

मग लुडोविना बंबामागे आली. हात पुसायचं फडकं तिच्या खांद्यावर होतं.

‘‘काय म्हणाला तो? कळ?’’

‘‘मावशी, तुमचं सांगा.’’

‘‘माझं काय सांगायचंय? मी टकटक केली तेव्हा वरती नुसती घुरघुर होती. खाकरलं म्हणजे गाणं सुरू झालं का गं? पाद्री खाकरतो तेव्हा आपण उठून उभे राहतो का?’’ मग तिने यास्नाकडे नीट पाहिलं. ‘‘तुझे ओठ पांढरे पडलेत. पाणी पी.’’

‘‘नको.’’

‘‘तुझा कागद त्याच्याकडे असतो, मला माहितीये. मला दोन पाळ्या दिल्यास तर मी तुला शिव्या देणार नाही. मिल्काओ मात्र दुप्पट भावाने देईन.’’

लुडोविना टेबलाकडे परत गेली. यास्ना बंबामागेच थांबली. तिने खिशातून नियमांची पुस्तिका काढली. सहा वर्षांत ती पाठ झालेली आहे. फक्त वेळ काढायचा होता. टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाठ करून उभं राहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

स्पर्धा भरवणारा एलेओदोरो चहाची किटली घेऊन डोकावला. ‘‘बाई, लोकांचं जेवण थांबलंय. काहीतरी एक सांगून टाका. नाणं उडवा हवं तर.’’

‘‘दोन मिनिटं.’’

आणि मग ते वाक्य आलं. तिने ते परीक्षेत लिहिलं होतं, पाठ म्हणून दाखवलं होतं: ‘फेरीची वेळ पंचाने जाहीर केल्यावर संपते.’ त्यात भोंगा नव्हता. कळ नव्हती, घुरघुर नव्हती, पूर्ण आवाजही नव्हता. पंचाने जाहीर केल्यावर. आणि आज पंचाने काहीच जाहीर केलं नव्हतं. भोंगा आहे म्हणून ती गप्प राहिली होती. आजच नाही, सहा वर्षं.

आधीची भीती एका माणसाची होती. ही त्याहून मोठी होती. महिन्याला एक याप्रमाणे सत्तरच्या आसपास दुसऱ्या फेऱ्या, आणि त्यातली एकही तिने स्वतः संपवलेली नव्हती. घुरघुर धरली तर डागोबेर्तो जिंकतो, तीस तारखेला सही होते, आणि तिची चूक कोणाला कळत नाही. पूर्ण आवाज धरला तर लुडोविना जिंकते, आणि तेव्हाही ती चूक झाकलेलीच राहते. दोन्ही निकाल लोकांना पटण्यासारखे होते. पुस्तिकेत मात्र दोन्ही नव्हते.

वेळ संपलेलीच नव्हती. टकटक झाली होती, म्हणजे आता पाळी डागोबेर्तोची. आत्ता जाहीर केलं तर हीच चालू पाळी, आणि तिच्यानंतर पाच. ती, तो, ती, तो, ती. तीन दिवे.

बारा वाजून सात मिनिटांनी यास्ना टेबलाशी आली. हात खिशातच होते. ‘‘फेरीची वेळ संपली,’’ ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं.

‘‘केव्हा?’’ डागोबेर्तोने विचारलं.

‘‘आत्ता. मी म्हटलं तेव्हा. भोंग्याचा नियमात संबंध नाही. मी बाराला जाहीर करायला हवं होतं. केलं नाही. चूक माझी आहे. आत्ताची पाळी तुमची आहे, कप्तान. ती पुरी करा, मग पाच.’’

मागून एकजण म्हणाला, ‘‘म्हणजे इतकी वर्षं आपण...’’

‘‘हो,’’ यास्ना म्हणाली. ‘‘सही झालेले निकाल बदलत नाहीत. पण हो.’’

डागोबेर्तोने बोटांवर मोजलं. शेवटच्या बोटावर तो थांबला. ‘‘दोन वर्षांपूर्वी मी याच भोंग्यावर जिंकलो होतो,’’ तो म्हणाला.

‘‘घुरघुरीवर का पूर्ण आवाजावर?’’ लुडोविनाने विचारलं. दोघंतिघं हसले. डागोबेर्तो हसला नाही.

‘‘तुम्हाला पुएर्तो माँतच्या मुख्य पंचांना फोन करता येईल,’’ यास्ना म्हणाली. ‘‘हक्क आहे तुमचा. नंबर पुस्तिकेच्या मागे आहे.’’ तिने पुस्तिका पुढे केली. हात आता सगळ्यांना दिसत होता आणि पुस्तिका हलत होती. डागोबेर्तोने आधी हाताकडे बघितलं, मग पुस्तिकेकडे.

‘‘ठेव ती,’’ तो म्हणाला आणि त्याने पान ओढलं.

त्याच्या गड्डीत दीपगृह पाडणारी दोन वादळं होती. त्याला तीन पाळ्या मिळाल्या. तिन्हीत वादळ आलं नाही. पहिल्या दोन दिव्यांसाठी लुडोविनाने बाटलीची बुचं ठेवली. तिसऱ्यासाठी तिने पाकिटातून शंभर पेसोचं नाणं काढलं आणि पानाच्या बरोबर मध्ये ठेवलं. बारा वाजून एकोणीस मिनिटं.

हरलेल्याने निकालाच्या चिठ्ठीवर आधी सही करायची असते. डागोबेर्तोने यास्नाचंच पेन मागितलं. तिने दिलं. त्याची सही लांबलचक आहे, शेवटी खाली ओढलेली रेघ असते. बोटीवरच्या लोकांना ती ओळखीची आहे. यास्ना ती रेघ पूर्ण होईपर्यंत बघत राहिली.

‘‘अहवाल पाठवणार का?’’ त्याने विचारलं.

‘‘पाठवावा लागेल.’’

‘‘माझं नाव नीट लिही. आल्वारादो. मागच्या वेळी र गाळला होतास.’’ पेन परत करून तो जेवायला गेला. याचा अर्थ काय लावायचा, हे तिला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

तिसरी फेरी सव्वाला सुरू झाली आणि दोन वाजून पाच मिनिटांनी यास्नाने ती संपल्याचं ओरडून जाहीर केलं. इतक्या मोठ्याने की एलेओदोरोच्या हातातला कप हिंदकळला. संध्याकाळी पाच चाळीसला तिने मुख्य पंचांना अहवाल पाठवला. सात ओळी. पहिल्या ओळीत स्वतःची चूक, दुसरीत ती किती वर्षांची आहे ते. सात वाजेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. घरी जाताना ती वाट वाकडी करून धक्क्यावर गेली आणि कचेरीच्या काचेत लावलेला कामाचा तक्ता तिने वाचला. तो शुक्रवारीच लागला होता. कोणी बदललेला नव्हता.

रविवार, तारीख बावीस. पहिली खेप सव्वासहा. कप्तान डागोबेर्तो आल्वारादो. रॅम्प यास्ना बारिया. हजेरी पावणेसहा.