निशाणाची मूठ

बोर्तोलोला रेदेन्तोचं सगळंच खुपायचं. त्याची उंची खुपायची, सत्तरी उलटूनही शाबूत असलेले त्याचे दात खुपायचे, रस्त्याने जाताना बायाबापड्या त्याला खिडकीतून हाका मारायच्या तेही खुपायचं. सगळ्यात जास्त पोटात दुखायचं ते मे महिन्यात. पहाडी पलटणीतल्या जुन्या शिपायांचा मेळावा भरला की गावच्या मंडळाचं हिरवं निशाण घेऊन रेदेन्तो पुढे आणि पिसाच्या टोप्या घातलेले बाकीचे बावीस जण मागे. त्या बाविसांत बोर्तोलो. तेहेतीस वर्षं तो रेदेन्तोच्या टोपीचं पीस मागून बघत आला होता.

दोघं एका सालचे, एका गल्लीतले, एकाच दिवशी पलटणीत गेलेले आणि एकाच गाडीने परत आलेले. परत आल्यावर बोर्तोलो गवंडी झाला आणि रेदेन्तो टपाल वाटायला लागला. हिंडती नोकरी. कोणाच्या छपरावरची कौलं सरकलीत, कोणती म्हातारी दोन दिवस दार उघडत नाहीये, हे त्याला आधी कळायचं. संध्याकाळी हा शिडी घेऊन दारात हजर. बर्फ पडला की उजाडायच्या आत एकट्या बायकांची अंगणं याने साफ केलेली असायची. बालवाडीचं छप्पर असो, डोंगरवाटेचे कठडे असोत की जत्रेत मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायचा असो, रेदेन्तोवाचून पान हलायचं नाही. आणि हे सगळं करताना तोंड अखंड चालू. गावातल्या कोणाचीही फजिती झाली की ती रात्री खानावळीत रेदेन्तोच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकायला मिळायची. पाद्रीबाबांची चड्डी वाऱ्याने उडून घंटेला अडकली होती, ती गोष्ट तो वीस वर्षं सांगत होता.

भूकंपाच्या साली तर त्याने कमालच केली. तीन महिने तंबूत राहून दोनशे माणसांचा स्वयंपाक केला. पण पडलेलं देऊळ पुन्हा उभं राहिलं, त्याच्या भिंतीचा दगड न् दगड बोर्तोलोने लावला होता. वर्तमानपत्रात फोटो आला तो घमेलं घेऊन हसणाऱ्या रेदेन्तोचा. बोर्तोलोचा त्यात उजवा कान आला होता.

“कान छान आलाय हो,” त्याची बायको एल्व्हीरा म्हणाली.

“भिंत मी बांधली!”

“मग भिंतीला सांग आभार मानायला.”

निशाणाचा नियम सोपा होता. ज्याच्या हाती ते आहे तो स्वतःहून खाली ठेवत नाही तोवर ते त्याचंच. मागायची सोय नव्हती, आणि बोर्तोलो मागणारा नव्हताच. पण घरामागच्या पडवीत, दार लावून घेऊन, तो गवताच्या दाताळ्याचा दांडा हातात घेऊन ताठ उभा राहायचा. दांडा कमरेशी टेकवायचा, मनातल्या मनात हुकूम द्यायचा, हळूच पुढे झुकवायचा, पुन्हा उभा करायचा. वर्षानुवर्षं. हे एल्व्हीरालाही माहीत नव्हतं. एकदा, फक्त एकदा, त्याला गावाच्या पुढे चालायचं होतं.

मग एका साली एप्रिलमध्ये रेदेन्तोचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. बोर्तोलोला आनंद झाला, आणि झाल्याची लाजही वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही. त्याने बुटांना पॉलिश केलं. दहा दिवस झाले तरी रेदेन्तो निशाणाचं नाव काढेना. बोर्तोलोच्या अंगाचा तिळपापड झाला. भर खानावळीत, पत्ते पिसता पिसता तो मोठ्याने म्हणाला, “काही जणांना निशाण नको असतं, कुबडी हवी असते.”

कोणी हसलं नाही.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी रेदेन्तो लंगडत त्याच्या अंगणात आला. काखेत कापडात गुंडाळलेली लांब काठी.

“बोर्तो, रविवारी तू धर.”

“का? गुडघा गेला म्हणून?”

“मग काय! गुडघा गेला म्हणूनच. नाहीतर मी कशाला देतोय लेका!” आणि रेदेन्तो नेहमीसारखा मोठ्याने हसला.

तो हसला नसता तर बोर्तोलोने हात पुढे केला असता.

“तुझं उष्टं मला नको,” बोर्तोलो म्हणाला.

रेदेन्तोने कापडाची गुंडाळी पुन्हा काखेत मारली. “बरं बाबा,” म्हणाला, आणि काठी घेऊन निघून गेला. ती काठी टेकत चालला असता तर चाललं असतं, पण निशाणाची काठी तो जमिनीला लावणारा नव्हता.

रविवारी रेदेन्तो दोन किलोमीटर लंगडत चालला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, “शाब्बास रेदेन्तो!” दर वर्षीपेक्षा जास्तच. मागून चालणाऱ्या बोर्तोलोला काठीवर काहीतरी नवीन दिसलं. रेदेन्तोची जुनी, काळी पडलेली चामड्याची मूठ होती तिच्या वीतभर खाली नवं कोरं चामडं गुंडाळून पितळी खिळे मारले होते.

“बघा नखरे,” तो शेजारच्याला म्हणाला. “पाय मोडला तरी नटणं सुटत नाही.”

नोव्हेंबरात रेदेन्तो गेला. गुडघ्याने नाही, हृदयाने. या पलटणीतले लोक आपला माणूस मेला असं म्हणत नाहीत, पुढे गेला म्हणतात. बातमी ऐकल्यावर बोर्तोलोच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की इथेही हा पुढेच. मग तो चुलीपाशी बसला आणि एल्व्हीराने वाढलेलं ताट त्याने तसंच ठेवलं.

संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष दीनो आला. “उद्या निशाण तू धरायचंस. नेरीनाने सांगितलंय.” नेरीना म्हणजे रेदेन्तोची बायको. या वेळी बोर्तोलोला नाही म्हणवलं नाही.

सकाळी देवळाच्या दारात नेरीनाने स्वतः काठी त्याच्या हातात दिली. बोर्तोलोने ती कमरेशी टेकवली, आणि हात आपोआप जिथे गेला तिथे नवं चामडं होतं. मूठ अशी बसली जणू रोजची.

“नेमकी आली ना?” नेरीनाने विचारलं.

“काय?”

“मूठ. तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी बसवली त्याने. म्हणाला, माझी मूठ बोर्तोला फार वर पडेल, हात भरून येईल त्याचा.”

बोर्तोलोने मुठीकडे पाहिलं. “माझा हात कुठवर येतो हे त्याला काय ठाऊक?”

नेरीनाने आवाज खाली आणला. “टपाल द्यायला यायचा ना, तेव्हा पडवीच्या खिडकीतून दिसायचास म्हणे. दाताळं घेऊन उभा. कित्येक वर्षं बघितलंय त्याने. मला बजावलं होतं, कोणाजवळ बोललीस तर याद राख.”

बोर्तोलोचे कान लाल झाले. पाद्रीबाबांची चड्डी ज्याने सोडली नाही, त्या माणसाने ही गोष्ट खानावळीत एकदाही काढली नव्हती.

तो शवपेटीच्या पुढे चालला. सगळा गाव मागे. रेदेन्तोची टोपी पेटीवर होती, आणि या वेळी पीस बोर्तोलोच्या पाठीमागे होतं. हेच त्याला हवं होतं, आणि स्मशानाचं फाटक येईपर्यंत त्याला समोरचं काही धड दिसलं नाही.

खड्ड्यापाशी दीनोने रिवाजाप्रमाणे हजेरी घेतली. “रेदेन्तो प्लात्सोत्ता!”

“हजर!” बाकीचे सगळे त्याच्या वतीने एका आवाजात ओरडले.

बोर्तोलोने निशाण झुकवलं. हळू, सरळ, पडवीत दांडा झुकवायचा तसंच. मग ते वर घ्यायचं असतं. त्याने घेतलं नाही. लोक वाट बघत होते, पाद्रीबाबा पुस्तक मिटून उभे होते.

“बोर्तोलो,” दीनो कुजबुजला, “वर घे आता.”

“थांब जरा,” बोर्तोलो म्हणाला. “त्याचं बघून होऊ दे.”